इजिप्तची पश्चिमेकडची मरूद्यानं: सिवा, बहारिया, फराफ्रा, दाख्ला, खार्गा

अनवट_वाट

इजिप्तला जाणाऱ्यांपैकी फार थोडे लोक नाईलचा काठ सोडतात. कैरो, लक्झर, अस्वान, अबू सिंबेल एवढ्यातच सुट्टी संपते आणि त्यात काही गैरही नाही. पण नदीच्या पश्चिमेला जे अफाट वाळवंट आहे, त्यात पाच मोठी मरूद्यानं आहेत आणि त्यांच्या आसपास देवळं, थडगी, रोमन किल्ले, मातीची जुनी गावं असं भरपूर काही आहे. मराठीत याबद्दल फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा काढतेय. जाऊन आलेल्यांनी भर घाला, जाणाऱ्यांनी विचारा.

आधी नकाशा डोक्यात बसवू. सिवा बाकीच्यांपासून एकटं पडलेलं, लिबियाच्या सीमेपासून साधारण ५० किमीवर. तिथे भूमध्य समुद्राकाठच्या मर्सा मत्रूहहून सुमारे ३०० किमी दक्षिणेला जावं लागतं. उरलेली चार एकाच रस्त्यावर आहेत. कैरोपासून सुमारे ३७० किमीवर बहारिया, पुढे १८० वर फराफ्रा, मग ३०० वर दाख्ला, तिथून १९० वर खार्गा, आणि शेवटी रस्ता परत नाईलकाठी असियूतला येतो.

आता पाणी. या भागात पाऊस जवळजवळ पडतच नाही. सहारा हिरवं होतं त्या काळात जमिनीत मुरलेलं पाणी वालुकाश्माच्या थरात साठून राहिलंय. इजिप्त, लिबिया, सुदान आणि चाड या चार देशांच्या पोटात पसरलेला हा साठा आहे. जिथे जमीन खोलगट आहे तिथे तो पृष्ठभागाच्या जवळ येतो आणि झरे फुटतात. सिवा तर समुद्रसपाटीच्याही खाली आहे.

हे सगळं आधीच सांगायचं कारण असं, की इथलं कुठलंही देऊळ बघताना त्याला पाणी कुठून मिळत होतं हे शोधलं की मगच ते देऊळ कळायला लागतं. देवळाशेजारी विहीर, विहिरीभोवती शेत, शेतावर कर, करासाठी अधिकारी, अधिकाऱ्याचं थडगं अशी सगळी साखळी उघड्यावर दिसते. नाईलकाठी ती नंतरच्या वस्तीखाली गाडली गेलीय. इथे पाणी आटलं की माणसं निघून जायची आणि वाळू येऊन सगळं झाकून ठेवायची.

माझं सगळ्यात आवडतं दाख्ला. गुलाबी कड्याच्या पायथ्याशी हिरवी शेतं, आणि त्यात अल-कस्र नावाचं मातीच्या विटांचं जुनं गाव. गल्ल्या इतक्या अरुंद आणि वरून छपरांनी झाकलेल्या, की भर दुपारी आत गारवा असतो. दारांवर बाभळीच्या लाकडाच्या तुळया आहेत आणि त्यावर कोरीव अरबी मजकूर: घर कोणाचं, कोणत्या साली बांधलं, सोबत कुराणातलं वचन. सर्वात जुनी तारीख हिजरी ९२४ ची, म्हणजे इसवी सन १५१८. काही घरांच्या चौकटीला लावलेले दगड मात्र त्याहून कितीतरी जुने, जवळच्या अम्हेइदा इथल्या थोथ देवाच्या देवळातून आणलेले. त्यामुळे घरात शिरताना दाराच्या बाजूला हायरोग्लिफ्स आणि डोक्यावर कुराण असं एकाच नजरेत दिसतं. मी त्या एका दारापाशी बराच वेळ उभी होते. लाकूड इतकं कोरडं झालंय की अक्षरांच्या कडा अजून धारदार आहेत.

तिथून थोड्याच अंतरावर देर अल-हगर. रोमन सम्राट नीरोच्या काळात बांधायला घेतलेलं छोटंसं दगडी देऊळ, आमुन, मूत आणि खोन्सू यांचं. १८७४ मध्ये गेर्हार्ड रोल्फ्सची जर्मन मोहीम इथे आली तेव्हा देऊळ बरंचसं वाळूत बुडालेलं होतं. मोहिमेतल्या लोकांनी खांबावर कोरलेली नावं आज आपल्या डोक्याच्या खूप वर दिसतात. वाळू कुठपर्यंत होती ते त्यावरून कळतं.

आणि बलात! तिथे जुन्या राज्यातली (पिरॅमिडांच्या काळातली), सहाव्या राजवंशाच्या राज्यपालांची थडगी आहेत, म्हणजे चार हजार वर्षांहून जुनी. त्यांच्या वाड्यात पपायरसऐवजी मातीच्या पाट्या सापडल्या. ओल्या मातीवर टोकदार काडीने लिहायचं, मेसोपोटेमियासारखं, पण लिपी इजिप्तची. एका पाटीवर एक अधिकारी कळवतोय की राज्यपालांच्या वाटेची तयारी करायला निघालेला कुंभार अजून ठिकाणावर पोचलेला नाही. कुंभार कशाला, असं वाटेल. वाळवंटातल्या वाटेवर पाण्याचे रांजण भरून ठेवले तरच प्रवास व्हायचा. दाख्लाच्या नैर्ऋत्येला अबू बल्लास नावाच्या टेकडीपाशी असे रांजणांचे ढीग सापडले आहेत.

माझं स्पष्ट मत: दिवस कमी असतील तर बहारिया-फराफ्रामधलं पांढरं वाळवंट गाळा, पण दाख्ला आणि खार्गा गाळू नका.

प्रवासी_पक्षी

लेखन आवडलं, पण शेवटच्या वाक्याला जोरदार विरोध. पांढरं वाळवंट गाळायचं?

बहारिया ते फराफ्रा हा टप्पा म्हणजे पृथ्वीचा इतिहास उघडा पडलेला आहे. आधी काळं वाळवंट लागतं, ज्वालामुखीच्या खडकाचे तुकडे माथ्यावर घेतलेल्या टेकड्या. मग हळूहळू जमीन फिकट होत जाते आणि फराफ्राच्या अलीकडे खडूचे सुळके सुरू होतात. हा सगळा समुद्राचा तळ होता. वारा वाळू घेऊन जमिनीलगत वाहतो, त्यामुळे सुळका खालून जास्त झिजतो आणि वर जाड टोपी उरते. खाली वाकून बघितलं तर पायाशी शिंपल्यांचे जीवाश्म आणि काळ्या लोहखनिजाचे छोटे फुलासारखे खडे पडलेले असतात. कृपया उचलू नका. २००२ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे.

बहारियाच्या बावीती गावाला लोक फक्त जीपमध्ये बसायला थांबतात, हेही चुकतंच. १९९६ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या एका पहारेकऱ्याच्या गाढवाचा पाय खड्ड्यात गेला आणि ग्रीको-रोमन काळातलं प्रचंड दफनस्थान सापडलं, ही हकिगत तुम्ही ऐकली असेल. १९९९ मध्ये पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांनी तिथे उत्खनन केलं आणि ‘सोनेरी ममींचं खोरं’ हे नाव जगभर गेलं. चेहऱ्यावर आणि छातीवर सोन्याचा मुलामा दिलेले मुखवटे. त्यातल्या काही ममी बावीतीतच बघता येतात. पण मला त्याहून आवडली ती बनेंतिऊची समाधी. सव्विसाव्या राजवंशातला श्रीमंत माणूस, बहुधा व्यापारी. उभ्या विहिरीतून खाली उतरायचं आणि खाली खांबांच्या दालनात रंग अजून ताजे.

आणि डायनोसॉर. बहारियातच १९१२ मध्ये स्पायनोसॉरसचे पहिले अवशेष मिळाले. जर्मन जीवाश्मतज्ज्ञ एर्न्स्ट श्ट्रोमर यांनी १९१५ मध्ये त्याला नाव दिलं. ती हाडं म्युनिकला ठेवली होती, १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली.

निळाई

दोघांचेही प्रतिसाद वाचून नकाशा उघडून बसलेय. मी आणि माझी बहीण जायचं म्हणतोय. तीन प्रश्न आहेत.

१. सुरक्षा. बातम्या वाचून घरचे घाबरलेत.
२. सिवाबद्दल कोणी लिहील का? आम्हाला तेच जास्त खुणावतंय.
३. सिवाहून थेट बहारियाला जाता येतं का? नकाशावर रस्ता दिसतोय.

तांबडफुटी

निळाई, सिवाबद्दल मी लिहितो.

सिवातली मुख्य जागा म्हणजे अघुर्मीच्या खडकावरचं आमुनच्या दैववाणीचं देऊळ. सव्विसाव्या राजवंशातल्या अमासिस राजाच्या काळचं, इसवी सन पूर्व सहावं शतक. इसवी सन पूर्व ३३१ मध्ये अलेक्झांडर इथे कौल घ्यायला आला. वाटेत त्याचं सैन्य रस्ता चुकलं, तेव्हा दोन कावळ्यांनी वाट दाखवली असं एक ग्रीक इतिहासकार सांगतो, तर अलेक्झांडरचा सेनापती टॉलेमी म्हणतो की दोन साप होते. देवाने काय सांगितलं हे त्याने उघड केलं नाही. पण त्यानंतरच्या नाण्यांवर त्याच्या डोक्याला आमुनच्या मेंढ्याची शिंगं दिसतात.

हेरोडोटसने लिहिलंय की त्याआधी पर्शियाच्या कँबायसिसने हे देऊळ नष्ट करायला ५०,००० सैनिक पाठवले आणि ते वाळूच्या वादळात गडप झाले. त्या सैन्याचा खात्रीचा माग अजून कोणाला लागलेला नाही. अघुर्मीच्या माथ्यावर उभं राहिलं की एकीकडे खजुराची दाट झाडी आणि दक्षिणेला वाळूचा महासमुद्र, मग ती गोष्ट का टिकली ते समजतं.

जवळच उम्म उबैदाला दुसरं देऊळ होतं, दुसऱ्या नेक्तानेबोचं. आता एक भिंत उरलीय. १८९६ च्या सुमारास तिथल्या अधिकाऱ्याने बांधकामाला दगड हवेत म्हणून सुरुंग लावून ते पाडलं. त्या एका भिंतीवर कोरलेल्या चित्रांच्या रांगा बघताना फार वाईट वाटतं.

शाली हा जुना किल्लेवजा गावठाण तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. तो ‘करशीफ’ने बांधलाय, म्हणजे मिठाच्या तळ्यांतून काढलेली मिठाची ढेकळं आणि माती. पाऊस नसेल तिथे उत्तम. १९२६ मध्ये तीन दिवस पाऊस झाला, भिंती विरघळायला लागल्या आणि लोक खाली येऊन राहू लागले. २०२० मध्ये डागडुजी पूर्ण होऊन किल्ला पुन्हा खुला झाला. भिंतीला हात लावला तर मिठाचे खडे बोटांना टोचतात, आणि उन्हात ते चमकतातही.

जेबेल अल-मौता, म्हणजे मृतांची टेकडी, नक्की बघा. दुसऱ्या महायुद्धात इटलीचे बॉम्ब पडायला लागले तेव्हा गावकरी या टेकडीतल्या थडग्यांत लपले आणि त्यातून काही रंगवलेली थडगी उजेडात आली. त्यातलं सी-आमुनचं थडगं बघाच. माणूस इजिप्तच्या देवांपुढे उभा आहे, पण दाढी आणि केस ग्रीक धाटणीचे, आणि त्याच्या मुलाच्या अंगावर ग्रीक पद्धतीचा आखूड झगा.

सिवाचे लोक अमाझिघ म्हणजे बर्बर वंशाचे, त्यांची सिवी भाषा वेगळी. गाव जुन्या वळणाचं आहे. झऱ्यावर पोहताना बायकांनी अंग झाकणारे कपडे घालावेत आणि स्थानिक बायकांचे फोटो अजिबात काढू नयेत. ऑक्टोबरच्या पौर्णिमेला दक्रूर टेकडीपाशी सगळं गाव एकत्र जेवतं, जुनी भांडणं तिथे मिटवतात. तेव्हा जायला मिळालं तर सोडू नका.

अनवट_वाट

निळाई, १ आणि ३ ची उत्तरं देते.

सिवा-बहारिया रस्ता नकाशावर आहे, पण तो लष्करी परवानगीशिवाय वापरता येत नाही आणि परदेशी लोकांना ती परवानगी बरेचदा मिळतच नाही. त्या भरवशावर बेत आखू नका. सिवा करायचं तर उत्तरेकडून जाऊन उत्तरेकडूनच परत यावं.

सुरक्षेचं खरं खरं सांगते. सप्टेंबर २०१५ मध्ये बहारियाच्या बाजूला इजिप्तच्या सुरक्षा दलांनी दहशतवादी समजून पर्यटकांच्या ताफ्यावर हल्ला केला आणि मेक्सिकोचे आठ पर्यटक मारले गेले. त्यानंतर वाळवंटातल्या सफारींवर अनेक वर्षं कडक निर्बंध आले. मरूद्यानांमधली गावं शांत आहेत, पण डांबरी रस्ता सोडायचा असेल तर परवानगी असलेल्या स्थानिक वाटाड्याशिवाय एक पाऊलही टाकू नये. रात्री तंबू ठोकून राहता येतं की नाही याचे नियम बदलत असतात, निघण्याआधी ताजी माहिती घ्या. आपल्या सरकारच्या प्रवास सूचनाही वाचा. त्यात मनाई असेल तर प्रवास विमाही चालत नाही.

चौक्या भरपूर लागतात. पासपोर्टच्या दहा-पंधरा प्रती जवळ ठेवा, प्रत्येक ठिकाणी एक देऊन मोकळं होता येतं. काही टप्प्यांवर पर्यटक पोलिस सोबत गाडी देतात. त्यांच्याशी हुज्जत घालू नये, फक्त वेळ जास्त धरून चालावा.

दगडमाती

खार्गा अजून कोणी नीट घेतलं नाही, म्हणून लिहितो. माझा विषय पर्शियन काळ, त्यामुळे थोडं लांबेल.

खार्गा शहर बघून लोक निराश होतात. सरळ रस्ते, सरकारी इमारती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘नवं खोरं’ नावाची मोठी वसाहत योजना आली आणि त्यातून हे शहर वाढलं. पण गावाबाहेर थोड्याच अंतरावर हिबिसचं देऊळ आहे आणि ते एकटं बघायलाही इतक्या लांब यावं. पर्शियाचा सम्राट पहिला दरायस इथे फॅरोच्या वेषात, इजिप्तच्या देवांना नैवेद्य दाखवतोय. पर्शियन काळातलं इतकं मोठं आणि इतकं शाबूत देऊळ इजिप्तमध्ये दुसरं नाही.

आत एक चित्र शोधा. ससाण्याच्या डोक्याचा, पंख पसरलेला सेत देव भाल्याने अपोफिस सापाला मारतोय. नाईलकाठी याच काळात सेत म्हणजे भावाचा खुनी, त्याची नावं खोडून काढत होते. वाळवंटातल्या लोकांनी मात्र त्याला सोडलं नाही. वादळं आणि उजाड प्रदेश ज्याच्या हातात, त्याची पूजा इथे थांबवून कसं चालेल? दाख्लातही त्याचं मोठं ठाणं होतं.

हिबिसला भूजलाने फार त्रास दिला. पाया ओला होऊन भिंतींना तडे गेले. देऊळ उचलून दुसरीकडे न्यायचाही विचार झाला होता, शेवटी जागेवरच दुरुस्त केलं.

समोरच्या टेकाडावर बगावत. मातीच्या विटांच्या २६३ समाधी-वास्तू, बऱ्याचशा घुमटांच्या, सुरुवातीच्या ख्रिस्ती काळातल्या. एका घुमटात मोझेसबरोबर निघालेले इस्रायली, मागे फॅरोचं सैन्य, नोहाची नौका, माशाच्या तोंडातला योना असं सगळं गोल फिरत जातं. दुसऱ्या एका घुमटात शांती, न्याय, प्रार्थना या कल्पना बायकांच्या रूपात उभ्या आहेत आणि प्रत्येकीच्या बाजूला ग्रीकमध्ये नाव आहे. कॉन्स्टँटिनोपलचा पदच्युत धर्मप्रमुख नेस्टोरियस याला पाचव्या शतकात याच मरूद्यानात हद्दपार केलं होतं. इथून पळून जायचं म्हटलं तरी पाण्याअभावी जाणार कुठे?

दक्षिणेला जाताना कस्र अल-घुएताचं देऊळ टेकडीवर तटबंदीत आहे. रोमन किल्ल्यांपैकी लबखा आणि ऐन उम्म दबादिब हे सगळ्यात देखणे, पण तिथे फोर-व्हील गाडी आणि वाटाड्या दोन्ही लागतं.

आणि आता अनवट_वाट यांच्या पाण्याच्या मुद्द्याला माझा दुजोरा. खार्गाच्या दक्षिण टोकाला दूशजवळ ऐन मनावीर इथे पर्शियन काळातले, इसवी सन पूर्व पाचव्या शतकातले भुयारी कालवे सापडले आहेत. डोंगरउतारात थोड्या थोड्या अंतरावर उभी विवरं खणायची, ती खालून बोगद्याने जोडायची, मग पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने शेतापर्यंत येतं. तिथेच मडक्यांच्या खापरांवर देमोतिक या इजिप्तच्या रोजच्या व्यवहारातल्या लिपीत लिहिलेले करार मिळाले, त्यातल्या काहींत पाण्याच्या वाट्याची खरेदी-विक्री आहे. जमिनीइतकाच पाण्याच्या पाळीवर हक्क. मला दरायसच्या भव्य चित्रापेक्षा ती खापरं जास्त जवळची वाटतात.

खारवारा

सुंदर चर्चा. एक मुद्दा राहिला.

हे पाणी परत भरत नाही. सिवात गेल्या काही दशकांत बेसुमार विहिरी खणल्या गेल्या. शेतात वापरून झालेलं खारट पाणी वाहून जायला बाहेर वाटच नाही, कारण जागा खोलगट. ते तळ्यांत जमतं, तळी पसरतात आणि कडेच्या खजूर-ऑलिव्हच्या बागा मिठाने मरतात. सिवात एकाच वेळी पाणी संपण्याची भीती आणि पाणी साचण्याचा त्रास आहे. मिठाच्या निळ्या खड्ड्यांत तरंगतानाचे फोटो सगळीकडे दिसतात, त्यातले कित्येक खड्डे मीठ काढण्यासाठी खणलेले आहेत हे त्याखाली कोणी लिहीत नाही.

दक्षिणेला उलट. खार्गात जुने झरे आटलेत आणि पाणी खोल बोअरमधून काढावं लागतं. राहायला जागा निवडताना पोहण्याचा मोठा तलाव असलेलं हॉटेल टाळता आलं तर बघा. स्थानिक माणसाचं साधं घर किंवा छोटं विश्रामगृह घ्या, पैसेही गावातच राहतात.

प्रवासी_पक्षी

खारवारा यांना +१. हे खरंच आधी कोणीतरी लिहायला हवं होतं. फराफ्राच्या आसपास मैलोन् मैल गोल हिरवी शेतं दिसली तेव्हा हाच प्रश्न मनात आला होता.

निळाई

सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीला वाचायला दिलं, ती आता बगावत म्हणतेय आणि मी सिवा. दोन्ही एका फेरीत झेपेल का? आणि ऋतू कुठला? सार्वजनिक बसने होईल की गाडीच हवी?

अनवट_वाट

एका फेरीत दोन्ही नको, असं मी सांगेन. सिवा एका टोकाला, खार्गा दुसऱ्या. मधले सगळे दिवस बसमध्ये जातील. इजिप्तला पहिल्यांदाच जात असाल आणि लक्झर बघायचं असेल तर बहिणीचं ऐका. लक्झर-असियूतच्या बाजूने खार्गाला जाऊन पुढे दाख्ला, आणि वेळ उरला तर फराफ्रामार्गे कैरो. म्हणजे प्रवासी_पक्षी यांचं पांढरं वाळवंटही वाटेवर येतं. सिवा पुढच्या खेपेला, अलेक्झांड्रियाला जोडून.

ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दिवसा छान ऊन, पण रात्री कडाक्याची थंडी, जाड जॅकेट हवंच. मार्च-एप्रिलमध्ये खमसीन नावाचे वाळूचे वारे सुटतात, तेव्हा समोरचं काही दिसत नाही. उन्हाळ्यात चाळिशीच्या वर पारा, जाऊ नये.

कैरोहून बस आहेत, गाव ते गाव जायला पुरतात. पण देवळं आणि थडगी गावांपासून लांब विखुरलेली आहेत, त्यामुळे प्रत्येक मरूद्यानात उतरल्यावर एक-दोन दिवसांसाठी स्थानिक गाडी आणि चालक ठरवा. भाडं, वाटेतला थांबण्याचा वेळ आणि पेट्रोल कोणाचं हे आधीच स्पष्ट बोलून घ्या. इजिप्शियन पाउंडात रोख ठेवा, एटीएम फक्त मोठ्या गावांत आणि तेही कधी बंद. काही थडग्यांना कुलूप असतं, किल्लीवाला माणूस गावात असतो, म्हणून चालकाला आदल्या दिवशीच सांगायचं.

खार्गाहून दूशला जाणार असाल तर पूर्ण दिवस द्या. वाटेत बारिसपाशी इजिप्तचे वास्तुकार हसन फथी यांनी आखलेलं मातीच्या विटांचं गाव लागतं. यंत्राशिवाय बाजार थंड राहावा म्हणून त्यांनी हवा खाली खेचणारे उंच मनोरे बांधले होते. १९६७ च्या युद्धामुळे काम थांबलं ते थांबलंच, गावात कोणी राहायला आलं नाही. दूशला रोमन काळातलं इसिस आणि सेरापिसचं देऊळ आणि शेजारी मातीचा किल्ला आहे. १९८९ मध्ये फ्रेंच पथकाला तिथे सोन्याचा ठेवा मिळाला, तो कैरोला नेला. मात्र दूशहून परतताना अंधार पडू देऊ नका. रस्त्यावर वाळूचे ढिगारे सरकत येतात, आणि ते दिव्यांच्या उजेडात अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाहीत.

निळाई

ठरलं मग, आधी खार्गा. तिकिटं काढली की इथेच लिहीन. दगडमाती, दूशहून ऐन मनावीरला जायला वेगळी परवानगी लागते का?

दगडमाती

ते उत्खननाचं क्षेत्र आहे, नुसतं चालत जाऊ नका. खार्गाच्या पुरातत्त्व कार्यालयात आधी विचारा, त्यांनी हो म्हटलं तर बहुधा पहारेकरी सोबत देतील. विवरांच्या काठावर उभं राहू नका, माती भुसभुशीत आहे. आणि खापरं पायाखाली येतील इतकी पडलेली असतात, तेव्हा बघून चाला.